बायकांच्या बाजूचा सिनेमा

आई,

आज माळा झाडताना तुमची तागडी सापडली. पारडी गंजली हायेत, पण वरच्या दोरीला गुंडाळलेला हिरवा काठ अजून तसाच हाय. तोच तो, आई. माझा डावा हात कमरेला बांधायला तुमी तुमच्या जुन्या लुगड्याचा फाडला होता, तो. लेक माहेरपणाला आली हाय, ती म्हणाली, "हा चिंधूक टाकू का गो आये?" मी म्हटलं, "हात लावू नको, माझं मंगळसूत्र हाय ते." ती बघतच राहिली. तुमी असतात तर बोलला असतात, "हिच्या जिभेला हाड नाय," आणि मग पदर तोंडाला लावून माझ्यापेक्षा जास्त हसला असतात. म्हणून म्हटलं, तुमालाच सांगावं. वाचता तुमाला जिवंतपणी येत नव्हतं, आता कुठं शिकला असाल! तरी लिहिते.

मी डावरी, हे लग्न ठरवताना कोणी तुमाला सांगितलं नव्हतं. माझ्या गावच्या शाळेत मास्तरांनी पट्टी मारून मारून लिहायला उजवा हात लावला, बाकी सगळं डाव्यानंच. म्हणजे एकाच हाताची शाळा झाली, दुसरा अडाणीच राहिला. तुमच्या घरात पहिल्या दिवशी मी भात वाढायला वाकले आणि तुमी केवढ्यांदा ओरडलात, "वाढायचा हात तो नव्हं गो!" सगळी पंगत थांबली. तुमचा मुलगा मात्र ताट पुढं करून म्हणाला, "वाढ तू. मला दोन्ही हातचं गोड लागतं." त्याला काय, तो तुमचा लाडका. मी घाबरून उजव्यानं वाढायला गेले आणि अर्धी आमटी काकांच्या धोतरावर. काका म्हणजे तुमचे चुलत दीर. त्या दिवसापासून त्यांचं आणि माझं जे जमलं ते जमलंच!

मग तुमचा मुलगा तापानं गेला. लेक रांगत होती तेव्हा. दहाव्याला अंगणात बायका बसलेल्या, आणि मागून कोणीतरी हळूच बोललं, "डाव्या हातचं किती दिवस पचणार?" तुमी ऐकलंत. मी पण ऐकलं. तुमी त्या बाईला काय बोलला नाय, मला पण काय बोलला नाय. तेरावं झालं आणि सकाळी तुमी लुगड्याचा काठ फाडलात, माझा डावा हात कमरेशी धरलात आणि दोन गाठी मारल्यात. "सवय लागंल," एवढंच बोललात. माझ्याकडे बघत नव्हता तुमी. मला त्या गाठीचा राग नव्हता, आई. मला एकच कळत नव्हतं, तुमाला पण तसंच वाटतंय का? की तो माझ्या हातानं गेला?

विचारायची हिंमत नव्हती, आणि दुसरी पंचाईत उभी राहिली होती. तारापूरला विजेचं मोठं काम निघालं होतं, बोईसरला रोज नवी माणसं उतरत होती, घाटावरची, उत्तरेकडची, कुठकुठली. आपल्या वाडीतली केळी, वांगी, वालाच्या शेंगा तिकडं हातोहात खपली असती. पण नेणार कोण? तुमचे गुडघे धरलेले, आणि मी एका हाताची. काका रोज संध्याकाळी ओटीवर येऊन बसायचे. "वयनी, वाडी माझ्याकडं द्या कसायला. दोन विधवांना काय दोन वेळचं लागतं, ते मी घालीन." घालीन म्हणे! जसं काय आमी कोंबड्या. तुमी नुसतं "बघू" म्हणायचात. दिवाळीनंतर तुमी हो म्हणणार, हे मला दिसत होतं. वाडी गेली असती तर मी जन्मभर काकांच्या चुलीपुढं बसले असते, तीपण एका हातानं.

तेवढ्यात सिनेमा आला. घिवलीच्या वाटेवरच्या मैदानात कामावरच्या कोणी पोरांनी वर्गणी काढून मशीन आणलं, दोन बांबूंना पांढरा पडदा बांधला. फुकट. तुमी येणार नव्हता, म्हणून मी सांगितलं देवाचा सिनेमा हाय. तुमी अंघोळ केलीत, ओंजळभर मोगरा पदरात बांधलात आणि शेजाऱ्यांच्या बैलगाडीत चढून बसलात. तिथं बघतो तर गर्दी ही! आणि काका हातात काठी घेऊन माणसं बसवताहेत. "बाप्ये इकडं, बायका तिकडं!" इकडं म्हणजे पडद्याच्या पुढं मशीनजवळ, आणि तिकडं म्हणजे पडद्याच्या पाठीमागं. बाप्यांत बायका मिसळायला नकोत म्हणून आमी सगळ्या पडद्याच्या उलट्या बाजूला, वाळूत. चिंचणीच्या कोळणी बोलल्या पण, "आमी काय चोर हाव?" काका म्हणाले, "दिसतं मागनंपण, गप बसा." आणि दिसत होतंच. पातळ कापड, आरपार सगळं उमटायचं.

पहिली पाटी आली तेव्हाच मला कळलं. अक्षरं उलटी! आरशात दिसतात तशी. म्हणजे आता उजवं ते डावं दिसणार आणि डावं ते उजवं. बायकांत वाचता येणारी मी एकटी, त्यामुळं कळलं पण मला एकटीलाच. मी कोणाला बोलले नाय.

सिनेमा एका नावाडणीचा होता. नवऱ्याचा पाय मोडतो, तर ती त्याची होडी स्वतः हाकायला लागते. गाव हसतं, सावकार आडवा येतो, आणि ती आपली वल्हं मारतेय, माणसं पलीकडं नेतेय, पुरातपण. तुमी आधी मोगरा उधळलात तिच्यावर. मग विचारलंत, "ही कुठली देवी गो?" मी म्हटलं, "नदीची." कोळणी तर हसून लोळत होत्या, "अशी वल्हवतात? ही पोहोचंल पुढच्या शिमग्याला!" वाऱ्यानं पडदा फुगला की ती बाई पोटुशी दिसायची, वारा पडला की बाळंत झाली. पण पुढं ती एकटी पुरात शिरली तेव्हा ज्या हसत होत्या त्याच ओरडायला लागल्या, "धर गो, धर! सोडू नको!"

आणि तुमी माझा दंड धरलात. "सूनबाय, ती डावरी हाय."

"हो, आई."

"बघ, वल्हं डाव्या हातात. भाकरी डाव्यानं थापते. नवऱ्याला घास डाव्यानं भरवते." मग जरा वेळानं, "तो पुजारी पण डाव्या हातानं आरती करतोय. त्या मुलखात सगलेच डावरे काय गो?"

मी काय सांगणार! मी म्हटलं, "तिकडं तशीच रीत दिसते, आई."

पडद्यावर तिचा तो नवरा बसलेला, पाय मोडका पण अंगानं असा जाडजूड, तिच्या हातचं खातोय आणि हसतोय. तुमी त्याच्याकडंच बघत होता. मग अगदी हळू, माझ्याकडं न बघता बोललात, "तिकडची माणसं मरत नाय वाटतं डाव्या हातचं खाऊन." आणि थांबून, "म्हणजे आपला तापानंच गेला."

मी मान हलवली. अंधार होता म्हणून बरं. बाजूच्या कोळणीला वाटलं आमी दोघी त्या सावकारापायी रडतोय, तिनं त्याला दोन शिव्या घातल्या.

सकाळी तुमी मला बोलावलंत, माझ्या कमरेच्या गाठी सोडल्यात आणि तो काठ तागडीच्या दोरीला गुंडाळायला बसलात. "दोरी बोटात रुतते," बोललात. "तागडी उजव्या हातात धर, माल डाव्यानं टाक. जा." माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या. गाडीत केळीचे घड चढवले, वांग्याच्या पाट्या चढवल्या, आणि बैलांचा कासरा धरला, तोपण डाव्या हातात. तेवढ्यात काका आले की! त्यांच्यामागं आळीतली चार माणसं, आणि कुंपणापाशी पाण्याला निघालेल्या बायका थांबलेल्या.

"वयनी, हे काय चाललंय? पांढऱ्या कपाळाची बाई, त्यात डावरी, बाजारात माप टाकणार? डाव्या हातचा माल घेणार कोण?"

तुमी ओटीवरून उठला पण नाय. "भावोजी, काल सिनेमा बघितलात ना? ती होडीवाली डावरीच होती. काय अडलं तिचं?"

"डावरी? कोण डावरी? उजव्या हातानं वल्हवत होती ती!"

"डाव्या!" तुमी ओरडलात.

"डाव्या, डाव्या!" कुंपणावरून बायका ओरडल्या. "आमी काय आंधल्या?"

"उजव्या!" काकांच्या मागची माणसं. एकानं तर देवाची शपथ घेतली. त्याची बायको कुंपणापलीकडं घागर घेऊन उभी होती, ती म्हणाली, "घरी या, मग सांगते तुमाला उजवं कुठलं ते."

असा कालवा माजला, आई! सगळ्यांनी एकच सिनेमा बघितलेला आणि कोणी खोटं बोलत नव्हतं. शेवटी काका माझ्याकडं वळले. मला हसू येत होतं. "ही शिकलेली हाय. हिलाच विचारा. सांग गो, कुठल्या हातानं वल्हवत होती? खरं सांग, लेकीची शपथ हाय तुला."

तुमी माझ्याकडं बघत होता. उजवा म्हटलं असतं तर परत गाठी, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे परत तुमच्या डोळ्यांत तो दहाव्याचा दिवस. डावा म्हटलं असतं तर लेकीची शपथ. मी कासरा घट्ट धरला आणि म्हटलं, "काका, मी बायकांच्या बाजूला बसले होते. तिथनं डावाच दिसत होता."

काकांनी तोंड उघडलं. त्यांच्या डोक्यात उजेड पडला तो मला दिसला. "अरे, तुमी पडद्याच्या मागं होता म्हणून..." आणि तिथंच थांबले. कारण कोळणींतली सगळ्यात मोठ्या तोंडाची टोपली घेऊन आपल्याच दारात मासे द्यायला आली होती. ती बोलली, "मागं? मागं आमाला कोणी बसवलं होतं? काठी घेऊन कोण फिरत होतं? तुमीच बोललात ना, दिसतं मागनंपण? मग? दिसलं ना!"

काय हसल्या बायका! काकांच्या मागची माणसंपण हसली. काका गेले. वाडीचं नाव त्यांनी परत काढलं नाय. आणि मी गाडी हाकली, आई, बेटेगाववरनं बोईसरला, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं पडला तो मी नीट केला नाय.

पहिल्या दिवशी तिथला एक कामगार बोललाच, "अरे, ये तो उलटे हाथ से तौलती है!" मी म्हटलं, "बैंगन सीधा है, भैया, ले जा." पुढं पुढं लोक लांबून विचारत यायचे, उलटे हाथवाली कुठं बसते? घाटावरच्या बायका आपल्या मुलींना दाखवायच्या मला. एकीची मुलगी डावरी होती, तिला घेऊन आली आणि माझ्या समोर उभी केली, बघ म्हणून. त्या पोरीला मी केळं दिलं. कुठल्या हातानं ते सांगायला नको.

मग चिंचणीच्या वाचनालयातून मी पुस्तकं आणायला लागले. तुमी वाल सोलायचात आणि मी वाचायचे. डोंगर चढणारी एक, सर्कशीत वाघ फिरवणारी एक, एक बाप्याचे कपडे घालून जहाजावर चढलेली. तुमचा प्रत्येकीबद्दल एकच सवाल, "डावरी होती का?" मी म्हणायचे, "लिहिलेलं नाय, आई." तुमी म्हणायचात, "मग असंल."

एकदा तुमी आरशापुढं वेणी घालत होता. थांबलात, फणी वर धरलीत, खाली केलीत, परत वर धरलीत. "सूनबाय," तुमी बोललात, "आरशातली म्हातारी डावरी हाय गो." मी दारात उभी. तुमी माझ्याकडं वळून बघितलंत, आणि वेणी घालायला लागलात. "राहू दे," बोललात. "बरी दिसते." त्यानंतर कधी तुमी त्या सिनेमाचं उजवं-डावं काढलं नाय. पण पुस्तकातल्या बाया मात्र सगळ्या डावऱ्याच राहिल्या.

पुढं पालघरला तोच सिनेमा लागला होता. मी गेले, खुर्चीवर बसून, समोरून बघितला. ती उजव्या हातानं वल्हवत होती. अगदी खोटी वाटत होती, आई. अर्ध्यातून उठून आले.

हे कागद मी तागडीच्या पारड्यात ठेवणार हाय, वर माळ्यावर. पोष्टमन तुमच्याकडं येत असता तर मी त्यालापण दोन वांगी दिली असती.

एक राहिलं. शेवटच्या दिवशी तुमच्या तोंडात पाणी घालायला काकांनी मला उजवा हात पुढं करायला सांगितलं. तुमचे डोळे मिटलेले, तरी तुमी बोललात, "डाव्यानं घाल. तो तुझा हाय." मी घातलं. सगळ्या गावाला मी अजून ताठ मानेनं सांगते, माझ्या सासूनं माझ्या डाव्या हातचं पाणी घेतलं. पण तो हात इतका कापत होता, आई, की चमचा सांडायला लागला होता. खालून मी उजव्याचा आधार दिला होता. तुमचे डोळे मिटलेले होते म्हणून तुमाला दिसलं नाय.