चुन्यातली नीळ

अंबरनाथ,
२० एप्रिल १९८७

चि. सुंदरास दादाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

वि. वि. तू जयंतीला येऊन गेलीस, दोन दिवस घर भरल्यासारखं वाटलं. अंबरनाथ ते बदलापूर एक स्टेशन, तरी आपण बहीणभाऊ पत्रं लिहितो म्हणून पोस्टमन चंदू मला हसतो. त्याला सांगितलं, हिला मी चुलीच्या राखेत बोटाने अक्षरं शिकवली, ती विसरू नये म्हणून लग्नात ठरवलं की महिन्याला एक पत्र. तो नेम मोडायला मी काय मेलोय?

विहाराची भिंत यंदाही मीच रंगवली. सतरावं वर्ष. कारखान्याच्या रंगखात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाशिवाय चुन्यात नीळ किती घालायची ते कुणाला कळणार? बादलीला मी दुसऱ्याचा हात लागू देत नाही, हे तुला ठाऊकच आहे. पण हल्लीच्या निळीत दम राहिला नाही. पूर्वी चार पुड्यांत काम व्हायचं, यंदा अकरा घातल्या तेव्हा कुठे भिंत निळी दिसायला लागली. कॅम्प चारच्या बाजारातल्या ज्या शेठकडून मी नीळ आणतो, त्याने विचारलं की चाचा, धोब्याचा धंदा काढला की काय.

बाकी सगळ्यातच भेसळ. पेपरवाले शाईत पाणी घालतात, अक्षर उमटत नाही. नगरपालिकेने गल्लीत असले दिवे लावलेत की प्रत्येकाभोवती रंगीत कडं दिसतं. तक्रार करणार आहे. तब्येत जप, पत्राला उशीर करू नकोस.

तुझा दादा,
शिवराम


कुळगाव, बदलापूर,
५ मे १९८७

ती. दादास सुंदराचा सादर जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. वाचायला मला दोन दिवस लागले. तुझ्या ओळी एकमेकींच्या खांद्यावर चढून बसल्या आहेत आणि शेवटची तर पत्त्यावर जाऊन पडली. आमच्या पोस्टमनने पत्ता न वाचता नुसतं अक्षर ओळखून कार्ड आणून दिलं. मला अक्षरं शिकवताना ओळ सोडली की टपली मारायचास, ती आता तुला कुणी मारायची?

भिंत मात्र झकास झाली आहे. मी समोर बराच वेळ उभी राहिले होते. पाऊस उघडल्यावरचं आभाळच. आपल्या बाबांनी ती पाहायला हवी होती.

भेसळीचं तू म्हणतोस ते खरं आहे. रेशनच्या तांदळात इतके खडे येतात की तासभर निवडून पण नातवाच्या दाताखाली एक सापडतोच. आणि सुया करणाऱ्यांनी भोकं बारीक केली आहेत. दोरा ओवायचा तर शेजारच्या रखमाला हाक मारावी लागते. मीनलला आणि सगळ्यांना जयभीम सांग. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
सुंदरा


अंबरनाथ,
१८ जून १९८७

ती. आत्याबाईंना मीनलचा सादर जयभीम.

हे पत्र मामंजींना न सांगता लिहिते आहे, त्यांना कळू देऊ नका. तुमची पत्रं दोन वर्षं मीच त्यांना वाचून दाखवते. लिहितात मात्र हट्टाने स्वतः. परवा दोरीवर वाळत घातलेल्या शर्टाला हरिचंद्रकाका समजून त्यांनी आत चहाला बोलावलं. शर्ट आला नाही म्हणून रागावले पण. आम्ही हसलो, मग माझं मलाच वाईट वाटलं.

आता मुख्य गोष्ट. विहाराची भिंत निळी नाही, जांभळी आहे. मागल्या वर्षी जराशी होती, यंदा पिकल्या वांग्यासारखी झाली आहे. रिक्षावाले सुद्धा जांभळी भिंत म्हणूनच जागा ओळखतात. पण मामंजी प्रत्येकाला कौतुकाने विचारतात, रंग कसा झाला, आणि सगळी वस्ती सांगते, एक नंबर. कुणाच्याच तोंडून खरं निघत नाही.

पुढच्या जयंतीला विहाराला पंचवीस वर्षं होतील. कमिटीतली मुलं म्हणतात, रंग कंत्राटदाराला द्या. हरिचंद्रकाका अध्यक्ष, ते घरी आले, दोन कप चहा प्यायले आणि न सांगताच गेले. आत्याबाई, कारखाना सुटल्यापासून मामंजी वर्षभर त्या एका बादलीची वाट बघत असतात. ती काढून घेतली तर त्यांचं काय होईल, या विचाराने मला झोप लागत नाही. मोतीबिंदू आहे हे आम्हाला दिसतं, पण डॉक्टरचं नाव काढलं की ते किसनकाकांचा डोळा गेल्याची गोष्ट सांगतात आणि उठून जातात. तुमचं ते ऐकतात. भिंतीचं तुम्हीच सांगा. लेकीसारखी समजून रागावू नका.

तुमची,
मीनल


कुळगाव,
२७ जून १९८७

चि. मीनलला आत्याचे आशीर्वाद.

रागावू नका म्हणतेस, पण मी रागावले आहे. भिंत जांभळी? एप्रिलमध्ये ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. शुद्ध निळी आहे. तुम्हा पोरींना टीव्हीच्या पुढ्यात बसून रंगच कळेनासे झालेत. दादाने कारखान्यात साहेबांच्या गाड्या रंगवल्या, त्याला तुम्ही रंग शिकवणार? त्याला कमी दिसतं हे मला मान्य आहे, त्याच्या ओळींवरूनच कळतं. पण भिंतीबद्दल पुन्हा लिहू नकोस.

आत्या


अंबरनाथ,
३ जुलै १९८७

ती. आत्याबाईंना सादर जयभीम.

भिंतीबद्दल लिहीत नाही. सोबत कागदाला दोन दोरे टाचले आहेत. एक निळा आहे, एक जांभळा. कोणता कोणता ते कुणाला न विचारता कळवावं, ही विनंती.

मीनल


कुळगाव,
९ जुलै १९८७

चि. मीनलला आशीर्वाद.

दोन्ही दोरे एकाच रंगाचे आहेत. म्हाताऱ्या आत्याची थट्टा करतेस होय?

(संध्याकाळी.) वरचं लिहून झाल्यावर दोरे रखमाला दाखवले. तिने लांबूनच सांगितलं, हा निळा, हा जांभळा. मग माझ्याकडे बघून ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी पण बसले, पण मला हसू आलं नाही. मग तांदूळ आठवला, सुया आठवल्या. रेशनवाल्याला मी उगाच शिव्या घालत होते.

पोरी, तू हुशार आहेस. भिंतीचं मी दादाला सांगणार नाही. ज्या भिंतीला मी आभाळ म्हटलं तिला आता वांगं कोणत्या तोंडाने म्हणू? पण मला मोतीबिंदू झाला आहे, एकटीला भीती वाटते, डॉक्टरकडे सोबत चल, असं त्याला लिहिते. यात खोटं काहीच नाही, ते एक बरं झालं.

आत्या


अंबरनाथ,
२० जुलै १९८७

चि. सुंदरास दादाचा जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र मीनलने वाचून दाखवलं. मोतीबिंदू झाला म्हणून काय घाबरायचं? लहानपणी विहिरीत उतरायला तू घाबरायचीस तेव्हा मी आधी उडी मारायचो. तसाच येतो. रविवारी कॅम्प चारला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तपासतात, तिकडे जाऊ. पण आत्ताच सांगून ठेवतो, मी फक्त सोबतीला. माझ्या डोळ्यांना कुणी हात लावायचा नाही. किसन माझ्याबरोबर रंगखात्यात होता. त्याचं ऑपरेशन केलं आणि डोळा गेला. माझा गेला तर विहाराची बादली कोण धरणार? तुझं काम वेगळं, तुला रंग द्यायचा नाही.

रविवारी ये.

दादा


अंबरनाथ,
२२ नोव्हेंबर १९८७

चि. सुंदरास दादाचा आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतो आहे आणि मीनल लिहिते आहे. डाव्या डोळ्याला हिरवी पट्टी आहे. ऑपरेशन झालं, दुखलं अजिबात नाही. (आत्याबाई, टेबलावर झोपेपर्यंत डॉक्टरीणबाईंचा हात सोडत नव्हते. मीनल.) तुला सोबत म्हणून गेलो आणि स्वतःच अडकलो. तुझा अजून कच्चा आहे म्हणून पुढच्या हिवाळ्यात, आणि माझा पूर्ण पिकलेला म्हणून आधी. विहिरीसारखंच झालं.

किसनलाही याच बाईंनी तपासलं होतं, त्याचं खरं त्यांनीच सांगितलं. ऑपरेशनने त्याचा डोळा गेला नाही. त्याला करून घ्यायला सांगितलं होतं, त्याने चार वर्षं घालवली. मोतीबिंदू जास्त पिकून डोळ्यात दाब वाढला, डोकं दुखायचं त्यावर तो बाम चोळत बसला. मग केलं तेव्हा उशीर झाला होता. इतकी वर्षं मी भलत्याच गोष्टीला भ्यायलो.

आता वाकायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, वजन उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही. (थेंब टाकताना लहान मुलासारखं तोंड फिरवतात. मीनल.) ही मुलगी मी सांगतो त्यापेक्षा जास्त लिहिते आहे असा मला संशय आहे. दीड महिन्याने चष्मा मिळेल. तुझा लोभ आहेच, पण थोडे तिळाचे लाडू पण पाठव.

दादा


अंबरनाथ,
१७ जानेवारी १९८८

चि. सुंदरास दादाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

हे अक्षर माझं आहे आणि ओळी बघ, शाळेतल्या मुलांसारख्या रांगेत उभ्या आहेत. चष्मा मिळाला. काचा बाटलीच्या बुडाइतक्या जाड आहेत. सगळं मोठं आणि जवळ आलेलं दिसतं. पहिल्या दिवशी चहा कपाच्या बाहेर ओतला आणि उंबरा नसलेल्या ठिकाणी पाय उचलून चाललो. आपली तुळशी, माझी नात, माझ्या मागे मागे तशीच चालत होती. तिच्या गालावर तीळ आहे, तो मी पहिल्यांदा पाहिला. पाच वर्षांची झाली पोर. मला रडू आलं, ते तुलाच सांगतो.

दुसऱ्या दिवशी विहारात गेलो. भिंतीपुढे उभा राहिलो आणि वाटलं, कुणीतरी माझी भिंत बिघडवली. मग चष्मा काढला, डावा डोळा झाकला आणि नुसत्या उजव्याने पाहिलं. धुरकट, पण माझी निळी भिंत. चष्मा लावून उजवा झाकला, तर जांभळी. असं पाच-सहा वेळा केलं. निळी, जांभळी, निळी, जांभळी. मग पायरीवर बसलो. अकरा पुड्यांचा हिशेब तेव्हा लागला.

तसाच हरिचंद्राकडे गेलो आणि विचारलं, दोन वर्षं सगळे माझ्या तोंडावर खोटं का बोललात. तो बिचारा घाबरला. म्हणाला की दादा, पंधरा वर्षं तुम्ही निळी दिलीत, दोन वर्षं जांभळी दिलीत, आम्हाला काही तोटा नाही झाला. आधी मी त्याच्यावर चिडलो. मग घरी येताना रस्त्यातच हसू फुटलं, ते आवरेना. अख्ख्या वस्तीने दोन वर्षं जांभळ्या भिंतीला निळी म्हणून माझी लाज राखली. एवढं कुणाच्या वाट्याला येतं?

एक विचारायचं राहिलं. तू पण म्हणाली होतीस, पाऊस उघडल्यावरचं आभाळ. तू तरी खोटं बोललीस का?

दादा


कुळगाव,
२५ जानेवारी १९८८

ती. दादास सुंदराचा सादर जयभीम.

मी खोटं बोलले नाही. मला खरंच आभाळ दिसलं होतं. मीनलला दोऱ्यांची गोष्ट विचार, ती सांगेल. पण माझ्यासमोर हसायचं नाही.

सुंदरा


अंबरनाथ,
१६ एप्रिल १९८८

चि. सुंदरास दादाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

यंदा तुला ताप आला म्हणून तुझी जयंती चुकली. भिंत झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, शिडीवर चढायचं नाही आणि चुन्याच्या जवळ जायचं नाही, डोळ्यात शिंतोडा गेला तर सगळं मुसळ केरात. म्हणून मी चार हात लांब खुर्ची टाकून बसलो आणि बादली मीनलच्या हातात दिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणी त्यात काठी फिरवली. मी सांगत होतो, अजून अर्धी पुडी, आता थांब. साडेचार पुड्या लागल्या. कॅम्प चारच्या शेठची मी मनातल्या मनात माफी मागितली. मीनलचा हात चांगला आहे, पण हे तिला अजून सांगितलेलं नाही.

कंत्राटदाराचा विषय कमिटीत निघालाच नाही. सगळे येऊन भिंत बघून गेले, पण रंग कसा झाला हे मी यंदा कुणालाच विचारलं नाही. मला दिसत होता.

दाराच्या मागे हातभर रुंदीची जांभळी पट्टी तशीच ठेवली आहे. हरिचंद्र म्हणाला, राहून गेली वाटतं. म्हटलं, राहून नाही गेली, राखून ठेवली आहे. तुझा डोळा झाला की तुला दाखवायची आहे. तू कशाला आभाळ म्हणाली होतीस ते एकदा बघ. मग पुसून टाकू.

दादा


कुळगाव,
१२ फेब्रुवारी १९८९

ती. दादास सुंदराचा सादर जयभीम.

काल तुझ्या घरून परत आले आणि चष्मा लावून हे पहिलं पत्र लिहिते आहे. सकाळी तांदूळ निवडले, सहा खडे निघाले. सुईत दोरा मी स्वतः ओवला, रखमाला बोलावून दाखवला. तिला म्हटलं, आता हस.

विहारात तू मला दारामागे नेलंस तेव्हा ती पट्टी बघून मी तोंडाला पदर लावला. तुला वाटलं असेल मी हसते आहे. थोडं हसूच होतं. दादा, इतकी जांभळी भिंत मी जन्मात पाहिली नव्हती.

घरी येताना विचार करत होते. मला बरोबर दिसेना आणि तुलाही दिसेना, पण त्या दोन वर्षांत तुझ्याशिवाय जिला ती भिंत खरोखर निळी दिसत होती अशी एकटी मीच होते. बाकीच्यांनी मायेने खोटं सांगितलं. मी खरं सांगितलं.

म्हणून एक मागणं आहे, मोठा भाऊ म्हणून ऐकशील. ती पट्टी पुसू नकोस. दरवर्षी सगळी भिंत रंगव, दारामागचा तेवढा हात सोड. आणि पुढच्या जयंतीला मी चार दिवस आधी येते. बादलीत काठी फिरवायला मीनलला एक हात जास्त लागेल.

तुझी,
सुंदरा