चंदगड, सकाळी आठ

९ जून १९८६, सोमवार

नवे सेट आले! खोकी फोडताना साहेब लग्नघरातल्या यजमानासारखे मिरवत होते. "अंजनाबाई, आता कुणी बोलायचं नाही. पाऊस पडला, नदी वाढली की मशीनच आकडा पाठवणार."

कोल्हापूरला पाटबंधाऱ्याच्या बिनतारी विभागात मला सात वर्षं झाली, पण असा सेट पहिल्यांदाच बघितला. माईक लावायला जागाच नाही! आत बारीक स्विचांची ओळ — केंद्राचा नंबर, आकडे पाठवायचा वेग, सगळं त्यावर लावायचं.

पहिला सेट चंदगडच्या केंद्राला. बसवायला मीच जायचं. तिथं पाऊस मोजायला अण्णा आहेत. माझे वडील.

१० जून

सकाळी आठ. "चंदगड. पाऊस एकतीस. नदी दोन पूर्णांक चार. ओव्हर." एवढंच. दहा महिने झाले, बाप लेकीशी बोलतो ते एवढंच.

लिहूनच टाकते. गेल्या ऑगस्टात याच जुन्या सेटवर अण्णा म्हणाले, "अंजा, आईचं काय खरं न्हाय. ये." मागे साहेब उभे. मी म्हणाले, "खाजगी बोलू नका. ओव्हर." पुराचे दिवस, रजा मागायला धजलेच नाही. दुसऱ्या सकाळी आकडे सांगून झाले. मग त्याच सुरात — "आई गेली. ओव्हर."

मी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती.

१७ जून, मंगळवार

आत्ताच परत आले.

खात्याच्या पिराजी ड्रायव्हरनं पहाटेच जीप काढली. केंद्र म्हणजे नदीकाठची एक खोली; अण्णांचं घरही तेच. गाव पलीकडं, मधे बंधारा — जायची वाट तेवढीच. अण्णा दारात उभे. "या," म्हणाले. मला — या! परक्या साहेबाला म्हणावं तसं.

नंबर लावला. वेग लावला. जुन्या सेटवरून कोल्हापूरला विचारलं — आमच्या मापात शहाऐंशी, तिथल्या कागदावर सहा! पुन्हा केलं. पुन्हा सहा. दोन तास गेले. स्विच बघून बघून डोळे चुरचुरायला लागले.

अण्णा उंबऱ्यावर बसून बघत होते. म्हणाले, "पयला आकडा गिळतंय व्हय?"

"हो."

"मग त्याला दम खायला सांग की. बटन दाबलं की लगीच बोलायचं न्हाय. मधल्या डोंगरावरचा सेट जागा व्हायला येळ लागतोय. मी सतरा वर्सं मनात एक-दोन म्हणूनच त्वांड उघडतोय."

आकडे सुटण्याआधी थांबायची वेळ वाढवली. शहाऐंशी! पिराजीनं टाळीच वाजवली. अण्णा हसले — किंचित. मी बघितलं.

मग हुकुमाप्रमाणे जुना सेट काढला. माईक मीच पिशवीत घातला.

"आता मी काय करायचं?"

"सेट राखायचा, अण्णा. पर्जन्यमापकात पालापाचोळा अडकू द्यायचा नाही."

"आन् बोलायचं कुणासंगं?"

मी पिशवीचं तोंड बांधलं. निघताना अण्णा म्हणाले, "आईच्या लुगड्यांची पेटी हाय. सवडीनं ये. न्हेऊन ठेव." 'अंजा' नाही म्हणाले, पण 'ये' म्हणाले!

आजऱ्यापर्यंत मी रडत होते.

१८ जून

आठ वाजता कागद खरखरत बाहेर आला. पाऊस चव्वेचाळीस. साहेब खूश, सगळ्यांना चहा. मला घोटभर गेला नाही.

५ जुलै, शनिवार

रजा मंजूर! उद्या चंदगड. मंगळवार पेठेतून अण्णांना घोंगडं घेतलं. मनाशी ठरवलंय — पोचल्या पोचल्या पाया पडायचं, आणि त्या 'खाजगी बोलू नका'बद्दल बोलायचं. ते रागावले तर रागावू देत.

६ जुलै

स्टँडवरूनच परत. पुढं रस्त्यावर पाणी, चंदगडची गाडी बंद.

९ जुलै, बुधवार

पावसानं जीव नकोसा केलाय. चंदगड एकशे सत्याऐंशी. बंधारा बुडाला म्हणे, म्हणजे केंद्रावर अण्णा एकटेच, गावाशी वाट नाही. साहेबांना विचारलं, जुना सेट परत बसवू या का? "कशाला? सगळ्यांत चांगलं चाललेलं केंद्र तुमचंच आहे!"

खरंय. एक आकडा चुकत नाही. तेवढाच धीर.

१३ जुलै, रविवार

पाणी उतरलं. काल पोलीस पाटील बंधारा ओलांडून केंद्रावर पोचले. अण्णा खाटेवरच होते. जाऊन चार-पाच दिवस झाले असावेत, डॉक्टर म्हणाले.

चंदगडचे आकडे रोज आठला येत होते. त्याखाली रोज मीच लिहीत होते — केंद्र सुरळीत.