उंदराचं उतरतं

१२ मे १९७४, केनवड
घरी आलो. नागपूरची प्रयोगशाळा तूर्त बंदच म्हणायची. डीईटीला, त्या भास घडवणाऱ्या रसायनाला, आता परवाना लागतो, बाटली सीलबंद. सर म्हणतात, ‘विषय बदला, रक्तदाबावर काही करा.’ इतकी वर्षं उंदीर टोचले ते काय उगाच?
आईने दारातच विचारलं, “दादाचं औषद झालं का तयार?”

१४ मे
आईला आज नीट सांगितलं. हे औषध नाही. उलट आहे. कारखान्यात बनतं, मेंदूतल्याच एका द्रव्यासारखं दिसतं, म्हणून मेंदू फसतो. गिळलं तर काही नाही, टोचलं की उंदीर डोकं झटकतो, मागचे पाय फाकतो. माणसाला रंग दिसतात, नसलेलं दिसतं. दोन-तीन तासांत सगळं उतरतं.
आई ज्वारी पाखडत होती. “मंग दादाचं काहून नाई उतरून राह्यलं?”
सरांचा तर्क असा, की दादासारखे भास होणाऱ्यांचं शरीरच असलं काही सतत बनवत असावं. सिद्ध कोण करणार? मी? कशाने?

१७ मे
शरीरात बनत असेल तर लघवीत सापडेल, म्हणून दादाला नमुना मागितला. बाटली अंगावर फेकली.
“पागल बी मीच, आन् मुतबी माहंच पायजे तुले?”
आई रडली. मी चिडून आसेगावला मावशीकडे निघून गेलो. मूर्खपणा.

१९ मे
परत आलो तर बाटली भरून ओट्यावर. दादा भिंतीकडे तोंड करून. “घेऊन जाय. ते लोक म्हनून राह्यले, देऊन टाक.” ते लोक म्हणजे त्याला ऐकू येणारे.
वाशीमला लस्सीवाल्याकडून बर्फ घेतला. थर्मासमध्ये दोन बाटल्या, तुलनेला माझीही. उद्या नागपूरची गाडी.

९ जून, केनवड
नागपुरात दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या मित्राने चोरून चाचणी करून दिली. त्या जातीचं द्रव्य असेल तर कागदावर जांभळट डाग उमटतो. दादाचा उमटला. मी नाचायचाच बाकी. मग माझा कागद वाळला. तसाच डाग, तेवढाच.
पुन्हा केलं. तेच.
चूक कागदात, का तर्कात, का... डोकं चालत नाही.
संध्याकाळी दादाने आपणहून विचारलं, “काय निंगालं?”
“तुहं-माहं सारखंच.”
किती दिवसांनी हसला. मग म्हणाला, “मंग तुले काहून नाई आयकू येत?”
उत्तरासाठी ओट्यावर थांबलाय. पाणी पिऊन येतो म्हणून आत आलो. अजून आतच आहे.