मयुरीच्या पेट्या आणि नदीत गेलेला गाडा

ती. अनुसयाताईस,

बालाघाटहून सुनंदाचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देत नाही, पण कागदावर चालतं). तुझी कंबर कशी आहे, दुलीचंदभाऊजींचा खोकला गेला का, धान घरात आलं का, सगळं कळव. पत्र पाहून घाबरू नकोस. फोनवर तू तिसऱ्याच वाक्याला “मग झालं काय?” म्हणतेस, आणि मला हे पहिल्यापासून सांगायचं आहे. शेवट चांगला आहे एवढं आत्ताच सांगते, म्हणजे तू पानं उलटून तो आधी वाचणार नाहीस. (तरी वाचशीलच.)

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला पडून राहायला सांगितलं, तेव्हा तुझ्या मयुरीनं हैदराबादहून फोनवर सांगून सांगून आमच्या ह्यांच्याकडून टॅबमध्ये एक खेळ टाकून घेतला. त्यात एक मोठं रान आहे. लाकूड तोडायचं, दगड फोडायचे, लोखंड खणायचं आणि त्यातून घर, अवजारं, कपडे सगळं आपल्या हातानं करायचं. (तांबं निघतं, कोळसा निघतो, मँगनीज मात्र नाही. मँगनीजच्या खाणींशेजारी राहणाऱ्या बालाघाटच्या माणसाला हे खटकणारच.) ती तिथून खेळते, मी इथून, आणि दोघींचं रान एकच. बोललेलंही ऐकू येतं. ताई, सोयरीक मोडल्यापासून ती तुझ्याशी ‘हौ’ आणि ‘नाही’ एवढंच बोलते, हे तू मला रडत सांगितलं होतंस. फोनवर माझ्याशीही तेच. पण टॅबात दोघी शेजारी उभ्या राहून दगड फोडायला लागलो की ती बोलायची. आज डब्यात काय होतं, ऑफिसात कोण कोणावर चिडलं, घरमालकीण पाणी कसं बंद करते. सोयरिकीचा विषय मी काढत नव्हते. तो सोडून जगातले बाकीचे सगळे विषय आमचे झाले होते, आणि माझा जीव त्यातच अडकला होता, की हा खेळ कंटाळा येऊन तिनं सोडला तर मुलगी आपल्याला दिसायचीच बंद होईल.

आता पेट्यांचं ऐक, कारण सगळं तिथूनच बिघडलं. जमवलेलं सामान ठेवायला खेळात पेट्या कराव्या लागतात. साध्या फळ्यांच्या पेटीला दहा खण. लोखंडी पट्ट्यांच्या पेटीला चोवीस. एका खणात पन्नास लाकडं राहतात, आणि त्याच एका खणात टोपी ठेवली तर फक्त एक टोपी राहते. (हे कोणी ठरवलं असेल? ज्यानं आयुष्यात स्वतःचं कपाट लावलेलं नाही त्यानं.) मयुरीच्या फळ्यांच्या पेट्या घरभर पसरल्या होत्या आणि कशातच काही धड नव्हतं. मधाच्या बरणीशेजारी कुऱ्हाड, पिसांच्या खाली मांस. मला ते पाहवेना. तिला ऑफिसच्या कामानं आठवडाभर खेळायला येता येणार नव्हतं, तेवढ्यात आपण सगळं नीट लावून ठेवू, पोरीला बरं वाटेल, असं मी ठरवलं.

लोखंडाच्या दोन मोठ्या पेट्या केल्या. जुन्या काढाव्या म्हणून त्यांच्यावर कुऱ्हाड घातली. मला वाटलं, आतलं सामान आपोआप नव्या पेटीत जाईल. नाही गेलं, जमिनीवर सांडलं. आणि चोवीस दुणे अठ्ठेचाळीस खण म्हणजे खूप झाले असं मला वाटत होतं, ते टोप्या, ढाली आणि मयुरीनं जमवलेल्या निळ्या दगडांनी पाहता पाहता भरले. उरलेला ढीग दारात. जमिनीवर टाकलेलं सामान थोड्या वेळानं नाहीसं होतं हेही मला माहीत होतं, म्हणून मी ह्यांना हाक मारली.

बैहरच्या जंगलखात्यात नोकरी काढली म्हणून टॅबातल्या जंगलातलंही आपल्यालाच कळतं, असं ह्यांना वाटतं. ह्यांनी टॅब माझ्या हातातून घेतला, घरामागे उभा असलेला गाडा आणला (त्यालाही वीस खण असतात), ढीग त्यात भरला, निळे दगड पेटीतून काढून तेही वर लादले, आणि पलीकडे नवं कोठार बांधू म्हणून नदीच्या उताराला लागले. मी म्हटलं, भरल्या गाड्याला उतार नको. हे म्हणाले, “मले नको शिकवू.” त्यानंतर गाडा पुढे आणि हे मागे, असे ते खाली गेले. वैनगंगेसारखी रुंद नदी आहे ती. गाडा मोडल्याचा आवाज आला आणि आमचा टॅबातला माणूस एकटाच पोहत काठाला लागला. तेवढ्यात टॅबमधून आवाज आला, “मावशी, मी आले. आज लवकर सुट्टी झाली. अरे, सामान कहां गया?”

ताई, ऑपरेशनला नेतानाही मी इतकी घाबरले नव्हते. ह्यांनी टॅब माझ्या मांडीवर ठेवला आणि चहा टाकायला गेले. मी सगळं सांगितलं. मला वाटलं गेली, आता हे दारही बंद. आणि मग ती हसायला लागली. आधी दाबून, मग अशी, की तिला बोलता येईना. काकाजी गाड्यामागे कसे धावले ते तिनं मला पुन्हा सांगायला लावलं. शेवटी म्हणाली की बुडालेल्या गाड्यातलं काही जात नसतं, त्याची खोकी होऊन पाण्यावर तरंगतात, चल, वेचू.

मग ती दुपार आम्ही नावेत बसून खोकी वेचत राहिलो. (हे चहा घेऊन परत आले आणि मागून दिशा सांगत होते. त्यातल्या दोन बरोबर निघाल्या.) नावेला चारच खण, म्हणून फेऱ्या फार झाल्या. त्यातल्याच एका फेरीत ती बोलली, मी काही न विचारता.

“मावशी, सोयरीक त्यायनं नाही मोडली. मीच नाही म्हटलं. त्याले माझी नोकरी सोडवायची होती. आणि नाही म्हटल्यावर मले इतकं बरं वाटलं, की आईसमोर रडकं तोंड कसं करू तेच समजेना.”

वाच पुन्हा. आपली पोर झुरत नव्हती. आपण दोघी तिच्यासाठी झुरत होतो, आणि स्वतःचा आनंद आवाजात कळू नये म्हणून ती बिचारी फोनवर एका शब्दात उत्तर देत होती. आईले तूच सांग, मले जमत नाही, असंही ती म्हणाली, म्हणून हे पत्र. मी त्या दिवशी फार दिवसांनी पोटभर जेवले. तूही जेव. आणि रागावणार असशील तर माझ्यावर रागाव, मला खूप सवय आहे.

भाऊजींना नमस्कार. ह्यांचा तुम्हा दोघांना नमस्कार आहे आणि गाड्याची गोष्ट तुमच्या कटंगीत कोणाला सांगू नये अशी विनंती आहे. (सांग.)

तुझी,
सुनंदा

ता. क. निळे दगड सगळे मिळाले. टोप्यांचं एक खोकं वाहून गेलं, ते मी मुद्दामच शोधलं नाही.

आणखी एक ता. क. मयुरी पुढच्या महिन्यात घरी यायचं म्हणते, पण तिला एक अडचण आहे, जी तिनं मला सांगितली आणि तुला सांगणार नाही. तिच्या खोलीत तू लग्नाची भांडी, गाद्या, शिलाई मशीन आणि ते मोठं कपाट भरून ठेवलं आहेस. “मावशी, माझ्या पलंगावर कुकर आहेत,” म्हणाली. ती खोली रिकामी कर. ठेवायला जागा नाही म्हणशील, म्हणून टेम्पोवाल्या प्रेमलालला मी सांगून ठेवलं आहे. त्याचा टेम्पो गुरुवारी दारात येईल, सगळं त्यात भरून आमच्याकडे पाठव. आमची मागची खोली मी मोजली आहे, बसतं. ह्यांना अजून विचारलं नाही. टेम्पो आल्यावर कळेलच.