शेवटचे चार सेकंद

गुरुवार, ४ मार्च १९६५
आज केस इतके उंच बांधले की मान हलवायची सोय नाही! टीव्हीवर आपण गात नसतोच — रेकॉर्ड वाजते, आपण नुसते ओठ हलवायचे. शेवटी गाणं विरत जातं. ते चार सेकंद माझे. आज नुसत्या ओठांनी म्हटलं, "आई, मोजे पोचले. नीट जेवतेय."

आईला टेलिफोनचा काय उपयोग? चाळीस वर्षं कापडगिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कान गेले तिचे. उत्तरेकडच्या आमच्या नेल्सन गावातल्या साचेवाल्या सगळ्या अशाच — विणकामाच्या खात्यात काही ऐकू येत नाही, म्हणून तोंड मोठं करून बिनआवाजी बोलायचं. मीही ओठ वाचतच मोठी झाले. इथला दिग्दर्शक म्हणतो, "निकी, तुझे शब्द किती स्वच्छ दिसतात!" बिचारा. त्याला वाटतं मी खरंच निकी आहे. मी नोरीन पिकप, सहा साचे सांभाळणारीची मुलगी.

रविवार, ७ मार्च
नक्की झालं. तिसरा महिना. ज्याचं हे बाळ त्या रॉनला फोन केला. त्याच्या बायकोने उचलला. रॉनला बायको आहे!

मंगळवार, ९ मार्च
डेरेकला सांगितलं. माझे सगळे कार्यक्रम तोच ठरवतो. रागावला नाही, तेच वाईट. चहा पाजला. "बघ पोरी, खेड्यात एक घर आहे, तुझ्यासारख्या मुलींसाठी. उन्हाळा तिथे काढ. बाळ चांगल्या माणसांकडे जाईल. नाताळला तू परत टीव्हीवर. फक्त बाळ देऊन टाकायच्या कागदावर एक सही कर."
आणि आई? "तिला कशाला सांगतेस?"

खरंच, कशी सांगू? हातमोजे न घालता प्रार्थनेला येणाऱ्या बाईकडे ढुंकून न बघणारी माझी आई! शेकोटीवरच्या फळीवर बाबांचा फोटो — सैनिकी टोपीतला, लढाईत गेले ते. रोज पुसते. माझं काही चुकलं की, "तुझे बाबा असते तर!" चार पत्रं लिहिली. चारही फाडली.

गुरुवार, ११ मार्च
काय करून बसले मी!
गाणं विरत होतं, कॅमेरा अगदी तोंडाशी. म्हणायचं होतं, "सवडीने लिहिते." ओठांवर आलं, "आई, मला दिवस गेलेत. एकटी आहे गं. बाळ देऊन टाक म्हणतात."
आईला सांगितलं — आणि आसपासच्या सगळ्या गावांतल्या सगळ्या साचेवाल्यांनाही! गुरुवारी टीव्ही कोण चुकवतं?

शुक्रवार, १२ मार्च
इथे लंडनमध्ये कुणाला पत्ताच नाही. डेरेक म्हणाला, "काल शेवटी डोळ्यांत पाणी आणलंस, झकास!"

सोमवार, १५ मार्च
शेजारच्या एल्सीमावशीचं पत्र. "नोरीन, तुझी आई दुकानात शिरली तशा सगळ्या गप्प झाल्या. गप्प म्हणजे, ओठसुद्धा हलेनात. कधी पाहिलंय असं? तिने पाव घेतला, ताठ मानेने बाहेर पडली. घरी येऊन तुझ्या बाबांचा फोटो फळीवरून खाली काढला. माझ्याशीही बोलत नाही."
आईचं स्वतःचं एक अक्षर नाही.
मी तिच्या तोंडाला काळं फासलं. बाबांपुढे उभं राहायलाही तिला लाज वाटतेय. पोटावर हात ठेवून खूप रडले. बाळाला म्हटलं, माफ कर.

बुधवार, १७ मार्च
सही उद्या, कार्यक्रम झाल्यावर. डेरेकने पेनसुद्धा आणून ठेवलंय.

गुरुवार, १८ मार्च
स्टुडिओत प्रेक्षकांमध्ये, नाचणाऱ्या पोरींच्या पुढे, अकरा हॅटवाल्या बाया! नेल्सनहून बस करून आलेल्या. मधोमध आई, हातमोजे घालून. शेजारी एल्सीमावशी, मान खाली.
मी शब्द विसरले. रेकॉर्ड आपली गातच राहिली.
आईने आधी डावी-उजवीकडे बघितलं, सगळ्यांचं लक्ष आहे ना म्हणून. मग गिरणीतल्यासारखं मोठं तोंड करून, दहाही जणींना वाचता येईल असं, बोलली:
"तो फोटो एल्सीच्या भावाचा आहे. माझं लग्न झालंच नव्हतं. मी दिलं का तुला कुणाला? चल घरी."