पाच फुटांची दोरी

अण्णा, तुमची मोजायची दोरी आज नऊ वर्षांनी पेटीतून काढली. कामासाठी काढली, आठवण म्हणून नाही. मी आता सरकारी प्रचार विभागात फोटोचं तांत्रिक काम बघते. दुष्काळी कामांचे फोटो आणि छोटे चित्रपट आम्ही तयार करतो, आणि दोन्हीकडे चालेल अशी एकच झूम लेन्स निवडायची आहे. जागचं न हलता तिच्यातून लांबच्या माणसाचा चेहरा जवळ आणता येतो. तुम्ही म्हणाला असतात, "मग देवानं पाय कशाला दिलेत?"

साहेबांनी लेन्स आधीच पसंत केली होती, माझी सही तेवढी राहिली होती. मागच्या आठवड्यात आम्ही ती तिसगावजवळच्या पाझर तलावाच्या कामावर नेली. मातीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई मला म्हणाली, "लांबनं काय काढती गं? जवळ ये की, आमी चावत न्हाई." कॅमेरा चालवणारे मामा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, तिला म्हणाले, "हितनंच तुझ्या नाकातली चमकी दिसती मला." "चमकी ऱ्हाऊ द्या, पाटी दिसू द्या. ती लई जड हाय," ती म्हणाली.

फोटो स्वच्छ आले. चित्रपटात मात्र झूम फिरवून तिला जवळ आणू लागलं की चेहरा पुसट व्हायचा. साहेब पडद्याकडे बघत म्हणाले, "मामांचे डोळे गेले. त्यांच्याकडे आता कपाटाच्या किल्ल्या द्या." मामा एवढंच म्हणाले, "मला तर साफ दिसत हुतं, साहेब."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

भिंगारच्या बाजारातला आपला स्टुडिओ. मी तेरा वर्षांची आहे. लष्कराच्या छावणीतल्या कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायचं काम तुम्हाला मिळालंय. तुमच्या घडीच्या कॅमेऱ्यावर अंतराचा आकडा हातानं लावावा लागतो, म्हणून तुम्ही सुती दोरी वापरता. एक टोक कॅमेऱ्याशी, पाच फुटांवरची गाठ समोरच्याच्या डोळ्याशी. गाठ धरायचं काम माझं. एकदा ती गालापाशी धरली तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर सुनावलंत, "डोळा म्हणजे डोळा. अदमास करायचा तर दोरी कशाला?" दोरी मळकी होती आणि ती लोकांच्या तोंडाशी न्यायची मला लाज वाटायची. कामाच्या आदल्या रविवारी मी ती रिठ्याच्या पाण्यात धुतली, वाळवली आणि न सांगता जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी एका अंधाऱ्या शेडमध्ये कामगार एकामागून एक स्टुलावर बसले, आणि सगळ्यांचे फोटो सारखेच आले: कान कोरल्यासारखे, डोळे पुसट. कचेरीनं ते परत पाठवले. तुम्ही खिडकीशी उभं राहून एकेक निगेटिव्ह उजेडाला धरलीत आणि म्हणालात, "पाचचा आकडा मला तर साफ दिसत होता." नंतर तुम्ही चष्मा केलात. चष्म्यावरही तुमचा भरवसा बसला नाही. कॅमेरा पेटीत गेला आणि तुम्ही कापडाच्या दुकानात कारकून झालात. दोन वर्षांनी गेलात, तोवर पेटी उघडली नाहीत.

आज मी लेन्स तिपाईवर लावली आणि दहा फुटांवर छापील कागद टांगला. फोकस लावला आणि त्याच्या कड्याला हात न लावता फक्त झूम फिरवला. अक्षरं विरली. तीन वेळा केलं, तीनदा तेच. फोटोला यानं अडत नाही, कारण प्रत्येक फोटोआधी आपण फोकस पुन्हा लावतो. चालत्या चित्रपटात ती सवड नसते. मी रिपोर्टात लिहिलं: लेन्स फोटोसाठी योग्य, चित्रपटासाठी अयोग्य, कॅमेरा चालवणाऱ्याचा दोष नाही.

साहेब म्हणाले, "दोन्हीला चालते असं मी वर कळवून बसलोय."

"मग चुकीचं कळवलं गेलंय, सर."

"उद्या दुसरा टाइप करून आणा."

मी तोच रिपोर्ट सही करून आवक रजिस्टरला नोंदवला. माझी बदली होईल असं टायपिस्ट म्हणतो, आणि होईलही. मामा व्हरांड्यात भेटले. "म्हंजी डोळे हायेत म्हणायचे अजून," ते म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

दहा फूट मी पोलादी टेपनं मोजले होते. दोरीचं काही काम नव्हतं; ती कामासाठी काढली, हे वर चुकीचं लिहिलं. सगळे गेल्यावर मी ती टेपशेजारी ताणली. पाच फुटांची गाठ चार फूट आठ इंचांवर आली. सूत धुतल्यावर आटतं. फोकस चार इंच मागे, कानांवर पडत होता. तुमचे डोळे ठीक होते.

हे रिपोर्टाच्या कार्बनप्रतीच्या मागे लिहिते आहे. ती फाइलला लावता येणार नाही, आणि तुमच्यापर्यंतही काही जाणार नाही, म्हणून उरलेलं लिहिते. चार इंच मला आजच कळले असं नाही. फोटो परत आले त्याच आठवड्यात मी आईच्या शिवणाच्या टेपनं दोरी मोजली होती. तुम्ही डोळे तपासायला नगरला गेला होतात. संध्याकाळी नवा चष्मा लावून दारात उभे राहिलात आणि विचारलंत, "कसा दिसतो?"

मी म्हणाले, "चांगला दिसतो."