विहिरीचा व्यास वीस

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायला मला थोडा वेळ लागतो. आवाज मात्र जसाच्या तसा कानात आहे. देवळ्याच्या ज्युनिअर कॉलेजातली आपली ती प्रयोगशाळा, अकरावीचा वर्ग, आणि फळ्यासमोर खडू धरून उभी असलेली मी. गणित सोडवून खाली ठसठशीत पाच लिहिले होते. उत्तर बरोबर आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून जरा ऐटीतच मागे वळले. तुम्ही उठून आलात आणि डस्टरने तो पाच पुसून टाकलात. ‘पाच काय?’ मी म्हटलं, पाचच. एरवी तुम्ही अगदी शुद्ध बोलायचात, पण रागावलात की माहेरची भाषा वर यायची. ‘पाच काय? कांदा शेतस का?’ कांदे आहेत का, म्हणून. सगळा वर्ग खदखदून हसला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्या दिवशी सुटल्यावर तुम्ही मला घरी घेऊन गेलात. स्वयंपाकघरात पाटावर बसवलंत, चहाचं आधण ठेवलंत आणि तेच गणित तोंडी करायला लावलंत. ‘लिटर वर आहे, लिटर खाली आहे. काप. आता काय उरलं?’ ग्रॅम, मी म्हणाले. ‘तुला काय हवं होतं?’ ग्रॅम. ‘मग घे चहा.’ कप पुढे सरकवताना तुम्ही म्हणालात, ‘आकडा एकटा फिरायला लागला ना, की कुणाच्याही घरात शिरतो.’ मला त्यातलं काही कळलं नाही. चहात आलं जास्त झालं होतं, एवढंच तेव्हा जाणवलं.

मी आता नाशकात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. राहते गंगापूर रोडला. दिवसभर नमुन्यांच्या बाटल्या, अहवाल, फोन. गेल्या पावसाळ्यात असाच एक फोन आला. पेठच्या पलीकडे डोंगरात एक पाडा आहे, तिथे गॅस्ट्रोची साथ पसरली होती. एक म्हातारे गृहस्थ सकाळीच गेले होते. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून माणसांना सलाइन लावली होती. फोनवर तिथला तरुण डॉक्टर होता, आवाज बसलेला. ‘मॅडम, विहिरीत टीसीएल टाकून घेतो. नोंदीत व्यास वीस आहे, पाणी सात. माझ्या हिशोबाने अकरा किलो येतंय. टाकायला सांगू ना?’

टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, बाई. एका विहिरीला अकरा किलो मला पटेना. मी विचारलं, ‘वीस काय?’ तो म्हणाला, ‘व्यास.’ ‘अहो, वीस काय, फूट की मीटर?’ आणि लाइन गेली. परत लावला, लागेना. पुन्हा पुन्हा लावत राहिले. त्या बाजूला पाऊस असला की रेंज जाते.

समोरच्या कागदावर मी दोन्ही गणितं मांडली. मीटर धरले तर बावीस लाख लिटर पाणी, आणि साथीच्या मात्रेने खरोखरच अकरा किलो. फूट धरले तर बासष्ट हजार लिटर, आणि पावडर फक्त तीनशे ग्रॅम. वीस मीटर रुंद विहीर त्या डोंगरात कोण खोदणार? पण मी ती पाहिलेली नव्हती. तलावासारखी पसरलेली असली तर? तीनशे ग्रॅम त्यात कुठल्या कुठे विरून जातील आणि उद्या आणखी माणसं झोपतील. दोन्हीकडून भीती होती. तपासणीची पेटी उचलली आणि ड्रायव्हरला म्हटलं, जेवढी पळवता येईल तेवढी गाडी पळव.

घाटात धुकं. मी फोन कानाला लावूनच बसले होते. ड्रायव्हर मध्येच म्हणाला, ‘ताई, औषध जास्त झालं तर माणूस मरंल का?’ मी म्हटलं, इतकं झालं तर तोंडात धरवणार नाही, कुणी पिणार नाही. ‘मग बरंच की.’ बरं नव्हतं. विहीर सोडली की बायका खालच्या ओहोळावर जाणार, आणि ओहोळात त्याच दिवसांत आजाऱ्यांची कापडं धुतली जात होती.

पोचले तेव्हा विहिरीच्या काठावर पांढरट पाण्याची बादली तयार होती. जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्यात औषध टाकणारा माणूस, तिच्या कडीला दोर बांधत होता. बाजूला पोत्याचं तोंड उघडं. चारपाच बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या. मी गाडीतूनच ओरडले, ‘थांबा! टाकू नका!’ विहीर पाहिली. काठावरून पलीकडच्या माणसाशी हलक्या आवाजात बोलता येईल, एवढीच ती होती.

डॉक्टर शाळेतून धावत आला. दाढी वाढलेली, शर्टावर सलाइनचे डाग. ‘मॅडम, तिकडे माणसं मरतायत आणि तुम्ही फूट-मीटर करत बसलाय?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘वीस काय? कांदे आहेत का?’ शब्द तुमचे होते बाई, आवाजही तुमचाच. मग विहिरीकडे पाहिलं त्याने. ‘मी इथे आलोच नव्हतो,’ तो हळू म्हणाला. ‘तिकडून हलताच आलं नाही.’ मला त्याचा रागच आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही दुसरं काही सुचलं नसतं.

टेप लावली, दोराला दगड बांधून खोली घेतली. फूटच होते. वजन करून पावडर घेतली, कालवली, गाळ खाली बसल्यावर वरची निवळी विहिरीत सोडली आणि तासभर थांबलो. मग नळीत पाणी घेऊन ओटी नावाच्या रसायनाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पिवळं व्हायला हवं. काहीच झालं नाही. डॉक्टर माझ्याकडे पाहू लागला, बायका माझ्याकडे पाहू लागल्या. गणित तीनदा तपासलं. लिटर कापलं जात होतं, ग्रॅम उरत होतं, सगळं बरोबर होतं. मग पोत्यात हात घातला. पावडर दमट, गोळे झालेली, वासही मेलेला. तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेला होता. तो किती उडाला हे कुठल्या सूत्रात बसवणार? थोडी घातली, थांबलो, तपासलं. पुन्हा थोडी. अंधारून यायला लागलं तेव्हा नळीत फिकट पिवळा रंग धरला.

कुणी हंडा सोडेना. एका बाईची मुलगी शाळेत सलाइनवर होती. ती पुढे आली. ‘मागल्या टायमाला असाच काय तरी टाकला. तोंड भाजला आमचा. आता माझी पोर पानी मांगं.’ आणि लोटा भरून माझ्यासमोर धरला. ‘तू पी पैलं.’ मी प्यायले. सगळा लोटा. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि मग वाकून पोहरा विहिरीत सोडला.

त्या मुलीला दोन दिवसांनी पेठला हलवावं लागलं, पण ती चालत घरी आली. नवे आजारी येणं हळूहळू थांबलं. डॉक्टरने स्वतः फोन करून सांगितलं. ते म्हातारे गृहस्थ मात्र गेले ते गेलेच.

हे सगळं तुम्हाला सांगायचं होतं. पाठवायला पत्ता नाही, त्यामुळे लिहून इथेच ठेवते. ऑफिसात सगळे म्हणतात, मॅडमनी बेधडक लोटा तोंडाला लावला. बाई, माप बरोबर होतं, रंग बरोबर होता, तरी पहिला घोट मी कितीतरी वेळ तोंडातच धरून ठेवला होता. गिळवत नव्हता.